सांता मोनिकातला चांदीचा पक्षी

शनिवार, रात्री

जुन्या गोव्यात आलं की सगळे बॉम जेझू चर्चकडे धावतात. आम्ही आज मोन्ते सांतोचा चढ चढलो. एका बाजूला संत ऑगस्टिनच्या मनोऱ्याचा उरलेला सुळका, समोर सांता मोनिका, ननांचा जुना मठ. भिंतीला बाहेरून दिलेले टेकू इतके दांडगे की आत नन राहायच्या यावर विश्वास बसेना. बांधकाम 1606 मध्ये सुरू झालं. पुढे 1834 नंतर पोर्तुगालने धर्मसंघच मोडीत काढले. होत्या त्या नन राहिल्या, नवीन घ्यायची सोय नाही. शेवटची 1885 मध्ये गेली. म्हणजे पन्नासेक वर्षं एकेक खोली रिकामी होत गेली असणार.

इथल्या चर्चच्या भागात आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. आधी ते राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत होतं. 2022 मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडलंय.

हस्तिदंती बाळयेशू, चांदीच्या समया, भरजरी झगे, सगळं पाहिलं. पण मी खिळले ती पेलिकनपाशी. ओस्त, म्हणजे मिस्सेतली (चर्चमधल्या उपासनेतली) पवित्र भाकर, ठेवायचं सतराव्या शतकातलं चांदीचं पात्र. मोठा गोल आणि त्यावर पक्षीण. चोचीने स्वतःचीच छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतेय. हे येशूचं रूप. पात्र मुळात याच मठातलं, फिरून घरी आलेलं.

आत्याने काचेसमोर सरळ हात जोडले.

"आत्या, म्युझियम आहे गं हे."

"असू दे. पूजेतलीच वस्तू ना?"

यावर काय बोलणार! खरं तर मला तिचंच पटलं. वेदीवरची वस्तू दिव्याखाली ठेवली की आपण नक्षी बघतो, ती कशासाठी होती ते विसरतो. इथे निदान डोक्यावर चर्चचं छत तरी आहे. दिल्लीतल्या एखाद्या वातानुकूलित दालनात हीच पेलिकन नुसता शोपीस झाली असती.

एक गोष्ट मात्र सलते. असल्या वस्तू घडवणाऱ्यांची नावं जवळजवळ उरलीच नाहीत. 1567 च्या गोव्यातल्या धर्मसभेने हिंदू कारागिरांकडून चर्चच्या वस्तू करून घ्यायला बंदी घातली होती. बंदी घालावी लागली, यातच सगळं आलं. आपल्याच कुणा शेटच्या, म्हणजे सोनाराच्या हातोडीचे घाव असतील ते.

संत फ्रान्सिसच्या मठातली पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं बघायची राहिली. आत्या म्हणाली, "ते दाढीवाले कुठे पळून जात नाहीत. आधी जेवू."