समासाच्या समासात

आश्विनातलं कडक ऊन पडलं की आमच्या खळ्यात भाताशेजारी पुस्तकंही वाळत पडतात. चार महिन्यांच्या पावसात पानं पार मऊ पडलेली असतात, आणि तो कुबट वास... मला आवडतो, कोणाला सांगत नाही. वेखंडाचे तुकडे घातले तरी कसर लागायची ती लागतेच. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. एवढ्या पावसाळ्यांतून तिथल्या माणसांनी पुस्तकं कशी जपली असतील, हा विचार चटईवर वाकलेलो असताना दर वर्षी एकदा येतोच.

परवा दुपारी आजोबांची दासबोधाची पोथी हाताला लागली.

पुस्तकांनी मला शहाणं केलं असं म्हणायची सोय नाही. शाळेत 'श्यामची आई' वाचलं. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, आणि ते त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. मी ढसाढसा रडलो आणि आईला न सांगता विहिरीचं पाणी काढून दिलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कलमाला कैऱ्या दिसल्या.

आजोबांचं निराळं. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओटीवर बसायचे आणि एक समास वाचायचे. एकच. 20 दशक, दशकात 10 समास. 200 दिवसांनी पोथी संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. वाचून झालं की कानावरची पेन्सिल काढून त्या समासाच्या समासात दिवसाची एक ओळ लिहायचे. आजी आतून म्हणायची, "अहो, पोथी आहे ती, वाण्याची वही नव्हे." ते मान डोलवायचे आणि लिहायचे.

एकाच समासावर पाच-सहा फेऱ्यांच्या ओळी दाटीवाटीनं बसल्यात. 'गाय व्याली. खोंड.' त्याखाली दुसऱ्या कुठल्या वर्षाचं, 'नळे परतले.' मग, 'ढग आले, मोहोर काळा पडला.' मूर्खलक्षणाच्या समासावर मात्र 'दलालास आगाऊ होकार दिला' एवढंच. तो दिवस नेमका तिथे आला, की आजोबांनी ती ओळ त्या पानासाठी राखून ठेवली होती? मुद्दाम केलं असेल तर माणूस माझ्या समजुतीपेक्षा बराच मिश्कील होता. मला ते आठवतात ते गंभीरच, सुपारी कातरताना.

ओव्या वाचायच्या सोडून मी तासभर त्या कडाच वाचत बसलो. मोहोर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या समासावर, 'नारळ 40 उतरवले.' बस. वाचून धीर आला होता का, कुठे लिहिलेलं नाही.

एका पानावर नुसती तिथी आहे, आषाढ वद्य नवमी. आजी गेली त्या वर्षीची. सुतक फिटल्यावर ते पुन्हा ओटीवर बसले असणार, समास वाचला असणार, पेन्सिलही काढली असणार, कारण तिथीपुढे तिचं टोक टेकल्याचा ठिपका आहे. त्या संध्याकाळी आतून टोकणारं कोणी नव्हतं. हवं तेवढं लिहिता आलं असतं.

पान उलटलं. 'लावणी उरकली. दोन कुणगे राहिले.'