‘प्रोजेक्ट सांगा’ : माझा अनुभव

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९च्या अभ्यासक्रमात पाचव्या सेमिस्टरला ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स-२’ हा विषय असतो. रिपोर्ट, ग्रुप डिस्कशन, मुलाखत, सगळं त्यात येतं. मार्कही पडतात. पण ऐरोलीत मुलाखतीला बसलो आणि “प्रोजेक्ट सांगा” म्हटलं की माझी गाडी थेट रिॲक्ट, मोंगोडीबी अशा वापरलेल्या टेक्नॉलॉजीच्या नावांवरून सुटायची. ॲप कशासाठी आहे हेच समोरच्याला कळलेलं नसायचं.

मग क्रम बदलला. अडचण कोणाची, बनवलं काय, त्यात माझा हात कुठे, अडलं कुठे. टेक्नॉलॉजीची नावं शेवटी. ‘आम्ही केलं’ म्हटलं की “तुम्ही काय केलंत?” हा प्रश्न ठरलेलाच, म्हणून तिसरा मुद्दा सर्वात नीट तयार ठेवायचा. दोन मिनिटांचा टायमर लावून फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ठाणे ते ऐरोली लोकलमध्ये ते ऐकायचं. स्वतःचा आवाज नकोसा होतो, पण ‘बेसिकली’ किती वेळा आलं ते मोजायला दुसरा उपाय नाही. पाठ मात्र करू नये. मध्येच कोणी टोकलं की पाठांतराचा धागा तुटतो. चार शब्दांची चिठ्ठी पुरते.

आधी मराठीतून सांगून बघायचं. मराठीतही अडखळलो तर घोळ इंग्रजीचा नाही, तो भाग मला कळलेलाच नाही. माझ्या बाबतीत तो भाग लॉगिनच्या टोकनचा, म्हणजे लॉगिननंतर ॲपला ओळख पटवणाऱ्या खुणेचा निघाला.

ग्रुप डिस्कशनमध्ये आधी बोलणाऱ्याला जास्त मार्क, ही समजूत सोडून द्या. आधीच्याचा मुद्दा एका वाक्यात उचलून पुढे नेला तरी दखल घेतली जाते.

लिहिण्याकडे कोणी फार बघत नाही, आणि रोजचा त्रास तिथेच. “सर, कोड चालत नाहीये” या मेसेजला उत्तर येणार तरी काय? त्याऐवजी: “लॉगिन केल्यावर ५०० एरर येते. माझ्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही. काल डेटाबेसचा पासवर्ड बदलला. लॉग जोडलाय.” (५०० म्हणजे सर्व्हरमधली गडबड, लॉग म्हणजे सर्व्हरने ठेवलेली नोंद.) काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, शेवटचा बदल कोणता, एवढं लिहिता लिहिता निम्म्या वेळा चूक स्वतःलाच सापडते आणि मेसेज पाठवावाच लागत नाही.

मित्राचा कोड तपासताना ‘हे चुकलंय’ लिहिलं की तो दोन दिवस बोलत नाही. ‘लिस्ट रिकामी आली तर ही ओळ काय करेल?’ असं विचारलं की गुपचूप दुरुस्त करून टाकतो.