उभ्या बाजाराचं छत

कतारमधल्या दोह्यात सूक वाकिफ नावाचा जुना बाजार आहे. तिथे शिरणाऱ्याची नजर आधी दुकानांवर जाते. मसाल्यांच्या गोण्या, खजूर, पिंजऱ्यातले पोपट, अत्तराच्या बाटल्या. ते सगळं बघावंच, पण थोडं थांबून. आधी एका कडेला उभं राहावं (हातगाड्यांच्या वाटेत नको) आणि मान वर करावी.

मनगटाहून जाड, जरा वेडेवाकडे गोल वासे एका ओळीत टाकलेले दिसतात. याला तिथे दंचल म्हणतात. हे खारफुटीचं लाकूड. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, लामूसारख्या बंदरांतून, गलबतं ते मोसमी वाऱ्यावर आखातात आणायची. वास्यांवर बांबूच्या चिरफळ्यांची तिरकी जाळी, जाळीवर चटई आणि चटईवर गवताचा भुसा घालून तुडवलेल्या मातीचा जाड थर. भुसा कमी पडला की माती वाळताना तडकते. बाहेरून बघितलं तर वास्यांची टोकं भिंतीबाहेर आलेली असतात आणि मधून मधून लाकडी पन्हळ निघालेली असते. पाणी भिंतीवरून न ओघळता लांब पडावं, म्हणून ती.

या वास्यांनी आखाती घरांची मापंसुद्धा ठरवली. खारफुटीचा कामाचा सोट साधारण तीन-साडेतीन मीटरच मिळतो, म्हणून जुन्या खोल्या तेवढ्याच रुंद. लांबी हवी तेवढी वाढवा, रुंदी मात्र झाडाला विचारून.

वाकिफ म्हणजे उभा. जवळूनच मुशैरिबचा ओढा समुद्राकडे जायचा. पाणी चढलं की बसायला कोरडी जागा उरायची नाही, मग विकणारे उभ्यानेच विकायचे, अशी या नावाची गोष्ट तिथे सांगतात. आपल्याकडे सावंतवाडीतही एक उभा बाजार आहे. नातं अर्थात नावापुरतंच.

तेलाचा पैसा आल्यावर दोह्याने या बाजाराकडे पाठ फिरवली. भिंतींवर सिमेंट चढलं, छतांवर पत्रे आले. पत्रा का आला हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मातीच्या छताला दरवर्षी हात लावावा लागतो, जशी आपल्याकडे पावसाआधी घराची शाकारणी करावी लागते. पत्रा एकदा ठोकला की सुटलो. फक्त पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्या पत्र्याखाली बसायचं कोणी, एवढाच प्रश्न उरतो. सिमेंटचं दुखणं त्याहून खोल आहे. जुन्या भिंती समुद्रातल्या प्रवाळी दगडाच्या, मातीत रचलेल्या. त्यांत मीठ असतंच. वरून सिमेंटचा गिलावा बसला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मीठ गिलाव्याआड साठून त्याचे खडे धरतात आणि दगड पापुद्रे सुटल्यासारखा झडू लागतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून भुसभुशीत होत जाते.

2003 मध्ये आग लागली आणि बाजाराचा बराच भाग गेला. नंतर मोहम्मद अली अब्दुल्ला या कलावंताच्या हाताखाली दुरुस्ती सुरू झाली आणि 2008 च्या सुमारास ती पूर्ण झाली. मधल्या काळात घुसलेल्या नव्या इमारती पाडल्या, पत्रे उतरवले, पुन्हा दंचल, बांबू, माती आणि भुसा आला. दिव्यांची रचना मात्र आजच्या काळातली. 2010 च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे काम होतं. म्हणजे जे शंभर वर्षांचं वाटतं, त्यातलं पुष्कळसं या शतकातलंच आहे. कोणी याला देखावा म्हणतं. म्हणू दे. गल्ल्यांची वळणं जुनी आहेत आणि दुपारी त्यांच्यात सावली पडते, एवढं पुरे आहे.

दुपारवरून आठवलं. बारा ते चार जाऊ नये, बहुतेक दुकानं बंद असतात. शुक्रवारी सकाळीही तेच. नोव्हेंबर ते मार्चमध्ये, संध्याकाळी पाचच्या सुमारास जावं. मेट्रोच्या गोल्ड लाइनवर बाजाराच्याच नावाचं स्टेशन आहे.

मरून रंगाचं जाकीट घातलेले म्हातारे एकचाकी गाडा ढकलत येतात. त्यांना हम्माल म्हणतात. आपला हमाल अरबीतूनच आला, आणि दलाल, सराफ, अत्तर, दुकानही. त्यामुळे बोलणं कळलं नाही तरी मधला एखादा शब्द ओळखीचा निघतो. हमालाशी पैसे आधी ठरवावेत. हे शहाणपण दादरच्या फुलबाजारातही चालतं. 1966 पर्यंत इथे रुपयाच चालायचा आणि आखातातले मोती विकायला मुंबईत यायचे, हे लक्षात ठेवलं की बाजार फारसा परका वाटत नाही. चहासुद्धा ‘करक’, म्हणजे आपला कडक.

ऊद, म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड, घ्यायचा असेल तर दुकानदाराला जाळून दाखवायला सांगावं. ते धुपाटण्याला मबखरा म्हणतात. कोळसा लाल असताना चिलपी ठेवली तर लाकूड जळतं आणि घशात खरखर होते. कोळशावर राखेचा पांढरा पापुद्रा आला की ठेवावी, म्हणजे ती हळूहळू पाझरते. पहिल्या धुरावर भाव करू नये. मिनिटभराने जो वास मागे राहतो, तो खरा.

बिश्त (वरून घालायचा अरबी अंगरखा) शिवणारे कारागीर एका कडेला दिसतात. विश्वचषक उचलताना मेस्सीच्या खांद्यावर घातलेला काळा झुळझुळीत अंगरखा या बाजारातल्याच एका दुकानातून गेला होता. काठावर जरतार भरून झाली की ती हलक्या हाताने ठोकतात, तेव्हा कुठे ती सपाट होऊन चमकते. ती ठकठक ऐकू आली तर दोन मिनिटं थांबावं.

आणि ससाण्यांची गल्ली चुकवू नये. डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेले पक्षी वाळूत रोवलेल्या बैठकांवर गप्प बसलेले असतात. जवळच त्यांचं इस्पितळ आहे. ससाण्याचं उडायचं पीस मोडलं तर तो नीट वळू शकत नाही, म्हणून तिथे पीस जोडून देतात. आधी झडलेली पिसं जपून ठेवलेली असतात. त्यांतून त्याच पंखाचं, त्याच क्रमांकाचं पीस शोधायचं, कारण शेजारचं चालत नाही. मोडक्या पिसाचा दांडा बेताने कापायचा, पोकळीत बांबूची बारीक सळई सरकवायची, थोडा डिंक लावून नवं पीस तिच्यावर बसवायचं आणि त्याचा कोन दुसऱ्या पंखाशी जुळतो का ते बघायचं. डिंक बाहेर ओघळला तर शेजारची पिसं चिकटतात आणि सगळं फुकट जातं. वर्षभरात पक्षी पिसं टाकतो तेव्हा ते उसनं पीस बांबूसकट गळून पडतं. त्या जागी त्याचं स्वतःचं आलेलं असतं.