पाण्याचा आळस

हिवाळ्यातल्या दुपारी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर स्कूटरी थांबलेल्या दिसल्या, की बडोदेकर अपघाताची चौकशी करत नाही. कठड्याला टेकून सरळ खाली बघतो. परवा मीही टेकलो. "काका, पेलो रह्यो!" शेजारच्या पोराने बोट दाखवलं. विश्वामित्रीच्या काठावर मगरबाई आडव्या झाल्या होत्या, ऊन खात.

मगरीला स्वतःचं अंग आतून तापवता येत नाही. ऊब बाहेरून आणायची: दिवसा उन्हातून, रात्री पाण्यातून. थंडीच्या रात्री हवा पटकन गारठते, नदी मात्र दिवसाची ऊब धरून असते. पाणी तापायला आळशी आणि निवायलाही आळशी. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. तेवढ्याच तांब्याला तिचा जेमतेम अकरावा हिस्सा पुरतो.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. आजी पहाटे उठून त्यात ढलप्या घाली. धुराने डोळे चोळत आम्ही पोरं रांगेत, टॉवेल खांद्यावर.

"तापलं का गं आजी?"

"कोमटसुद्धा नाही अजून. जा, पाढे म्हण."

एकोणतीसचा पाढा मला आला तो त्या बंबापायी. बंबाचा कायदा एकच: जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. धाकटे काका तो हमखास मोडत, मग पुढच्याच्या वाट्याला बादलीभर वाफ आणि तांब्याभर पाणी. त्यावरून होणाऱ्या भांडणांत आजी कायम काकांच्या बाजूने, याचा राग मला अजून आहे.

आता गीझर आहे. पण झटपट तापलेलं पाणी अंगावरून झटपट निवतं, असं माझं मत आहे. शास्त्र हे मानत नाही. घरातही कुणी मानत नाही.

आपल्या अंगातही निम्म्याहून जास्त पाणीच, म्हणून आपलंही बरंचसं निभतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एकेक ग्रॅम घाम उडून जाताना सुमारे 580 कॅलरी घेऊन जातो. घामाला नावं ठेवणं मी तेव्हापासून कमी केलं आहे, अत्तर मात्र सुटलेलं नाही.

पुलावर त्या पोराने विचारलं, एवढ्या घाण पाण्यात ती जगते कशी? गुजरातीत मला नीट सांगता आलं नाही. दहा अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात शहराचं सांडपाणी आलं की ते कुजवणारे जंतू तोही खाऊन टाकतात. मगर नाक वर काढून हवा घेते, तिचं भागतं. माशांचं भागत नाही.