ताण धरून ठेवला की तडा का धावतो?

निकेल मिश्रधातू निवडताना बहुतेकांची नजर आधी ताणशक्तीच्या आकड्यावर जाते. टर्बाइन डिस्कच्या (इंजिनात पाती धरून गरम अवस्थेत फिरणाऱ्या चकतीच्या) कामात तो आकडा फसवा ठरू शकतो. इन्कोनेल ७१८ चं उदाहरण घ्या. ६५० अंश सेल्सिअसला झटपट भार देत-काढत राहिलं तर तडा कणांना (धातूतल्या बारीक स्फटिकांना) छेदत हळूहळू सरकतो. तोच कमाल भार प्रत्येक फेरीत १०० सेकंद धरून ठेवला, की दर फेरीची वाढ कित्येक पटींनी वाढते आणि तडा कणसीमांवरून, म्हणजे दोन कणांमधल्या सांध्यांवरून, पळतो. फ्रॅक्चर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खडीसाखर फोडल्यासारखे सुटे, टोकदार पैलू दिसतात. हीच चाचणी निर्वातात केली तर फरक बराचसा नाहीसा होतो. म्हणजे खरा गुन्हेगार हवेतला ऑक्सिजन. भाराखाली ताणलेल्या कणसीमेत तो तड्याच्या टोकाशी शिरतो आणि तिला ठिसूळ करतो.

उपाय बराचसा भट्टीत आहे. उष्णता-उपचाराचा नेहमीचा क्रम असा: ९८० अंशांना १ तास, मग थंड करून ७२० ला ८ तास, तिथून ताशी ५५ अंशांनी ६२० पर्यंत उतरवून आणखी ८ तास. ९८० ला थोडी डेल्टा फेज (निकेल-निओबियमचा वेगळा घटक) उरते आणि ती कणांना वाढू देत नाही. तापमान १०३० च्या पुढे गेलं की डेल्टा विरघळते आणि कण भराभर फुगतात. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) भट्टीच्या हवेत नको, जॉबलाच, म्हणजे तापवायच्या तुकड्यालाच लावा. जाड फोर्जिंगचा (ठोकून घडवलेल्या तुकड्याचा) गाभा उशिरा तापतो. उलट डेल्टाची सलग पट्टी कणसीमेवर बसली तर तीही तड्याला वाट देते.

बारीक कण तड्याची सुरुवात लांबवतात, जाडसर कण त्याची वाढ आणि क्रीप (उष्णतेत भाराखाली हळूहळू ताणत जाणं) रोखतात. दोन्ही एकाच जागी मिळत नाहीत, त्यामुळे काही डिस्कमध्ये मध्यभाग बारीक आणि कडा जाड कणांची ठेवतात. दिसायला सोपं, करायला महाकठीण.

चाचणीचे नमुने बनवतानाही घात होतो. वायर-कटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) कापल्यावर वितळून थिजलेला थर राहतो, त्यातच भेगा असतात. तो पूर्ण घासून काढा. शेवटचं पॉलिश अक्षाच्या दिशेनेच, आडवा ओरखडा म्हणजे तयार खाच. थर्मोकपल गेज लांबीत (नमुन्याच्या मोजमापाच्या मधल्या भागात) स्पॉट-वेल्ड करू नका, तडा हमखास त्या ठिपक्यातून निघतो. एक्स्टेन्सोमीटरच्या (नमुन्याची ताण-लांबी मोजणाऱ्या उपकरणाच्या) धारेखाली तुटलेला नमुनाही मिश्रधातूच्या खात्यावर मांडू नये.