आयईपीची मीटिंग घ्यायची तरी कधी?

आमच्या आयईपीच्या, म्हणजे दिव्यांग मुलाच्या शिक्षण आराखड्याच्या, फॉर्मवर शेवटच्या पानाला सह्यांची जागा आहे. पालक, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, विशेष शिक्षक आणि सगळ्यात खाली केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे. हा नमुना ज्याने कुणी बनवला त्याच्या डोक्यात असणार की हे पाच जण एकत्र बसतील, पोराबद्दल बोलतील, पुढच्या सहा महिन्यांत त्याला काय शिकवायचं ते ठरवतील आणि मग सह्या करतील. कल्पना चांगलीच आहे, मी काही तिच्या विरोधात नाही. फक्त आमच्या तालुक्यात हे पाच जण एका दिवशी एका ठिकाणी मोकळे सापडणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत विशेष शिक्षिका आहे, मराठवाड्यात, तालुका ऊसतोडीचा. गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या ऑफिसात, एक टेबल आणि अर्धं कपाट माझं, बाकी काम सगळं फिरतीचं. आयईपी म्हणजे दिव्यांग मुलासाठी त्याच्यापुरता वेगळा केलेला शिक्षणाचा आराखडा, त्याला आज काय येतं, पुढे काय यायला हवं, कोण शिकवणार, कसं शिकवणार. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ते बरोबरच झालं, आधी अध्ययन अक्षमता असलेलं पोरगं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसायचं आणि तिथूनच शाळा सोडायचं. पण यादी वाढली तशी माणसं वाढली नाहीत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक, २०२४ मध्ये आपल्या राज्याने ४८६० पदं मंजूर केली, सगळं कागदावर छान आहे. मी ज्या शाळा फिरते त्यांची यादी बघून या प्रमाणाचा हिशोब करायला बसले तर त्याचीच एक वेगळी एक्सेल शीट होईल म्हणून करत नाही.

तर मीटिंग. आमचा आठवडा असा असतो. सोमवारी हेडसर टपाल घेऊन पंचायत समितीत. मंगळवारी मी ठरलेल्या शाळांवर, म्हणजे बाकीच्या शाळांना मी मिळत नाही. बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात दिव्यांग बोर्ड बसतं, म्हणून ज्यांना सर्टिफिकेट काढायचंय ते आईबाप पोरांना घेऊन पहाटेच्या एसटीने तिकडे आणि दोनतीन जणांसोबत मीही. गुरुवारी तालुक्याचा बाजार, गावात माणूस सापडत नाही. शुक्रवारी हमखास कुठलीतरी व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग. शनिवारी शाळा सकाळची, मुलं सुटली की गुरुजी गाडीला किक मारून मोकळे. आणि यातला कुठलाही दिवस रोजगाराने जाणाऱ्या बाईसाठी मोकळा नसतोच, तिने शाळेत तासभर बसायचं म्हणजे अख्ख्या दिवसाची हजेरी बुडाली, कारण अर्ध्या दिवसासाठी खुरपायला कुणी घेत नाही.

हेडसरांना दोष देऊन उपयोग नाही हेही सांगते, कारण अशी पोस्ट लिहिली की खाली लगेच गुरुजींच्या नावाने सुरू होतं. आमच्याकडे बऱ्याच शाळा द्विशिक्षकी आहेत, एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, त्यातलाच एक जण मुख्याध्यापक, तोच पोषण आहाराचा हिशोब ठेवतो, कधी तोच बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरतो. त्याला मी म्हणणार की सर, एका मुलासाठी पाऊण तास द्या, आणि तेवढा वेळ बाकीची पंचवीस पोरं कोण सांभाळणार? त्यामुळे होतं काय की मी फॉर्म घरीच भरते, शाळेत गेले की सर पोरांना पाढे म्हणायला लावून दारात उभ्या उभ्या सही करतात, आईची सही पोराबरोबर दप्तरातून जाऊन येते, केंद्रप्रमुखांचा शिक्का महिन्याच्या शिक्षण परिषदेत एकगठ्ठा. फाईल पूर्ण. मीटिंग मात्र झालेलीच नसते.

आता कागदांबद्दल. आयईपी हा त्यातल्या त्यात बरा कागद आहे, कारण तो निदान मुलाबद्दल तरी असतो. खरा वेळ जातो तो नावात. एक पोरगा आहे, त्याला आपण सोमनाथ म्हणू. शाळेच्या जनरल रजिस्टरला सोमनाथ, आधारवर सोमिनाथ, आणि दिव्यांग प्रमाणपत्र हल्ली युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच निघतं, तिथे आधारवरचंच नाव येतं, म्हणून तेही सोमिनाथ. युडायसला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलला, मुलाची नोंद करताना आधार आणि शाळेचं नाव जुळलं नाही की लाल खूण. मग आधार दुरुस्त करायला गेलो तर तिथे जन्माचा दाखला मागितला, दाखला ग्रामपंचायतीत काढला तर त्यात नावाची जागा कोरी, नुसतं 'पुरुष' आणि तारीख, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली आणि नंतर कुणी नाव घालायला गेलं नाही. ते घालून घेण्यात ग्रामसेवकांकडे किती फेऱ्या झाल्या ते सोडा.

आणि आधारचं तर अजून एक आहे. पाच वर्षं झाली की आणि पंधरा वर्षं झाली की मुलाचे बोटांचे ठसे, डोळे सगळं नव्याने द्यावं लागतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला घेऊन मी आणि तिची आई सेंटरवर गेलो होतो. तिची मूठ घट्ट मिटलेली असते, आणि आवाज झाला किंवा कुणी हात धरला की आणखीच आवळते. मशीनवाला पोरगा म्हणतोय हात सरळ ठेवा, हात सरळ ठेवा, आई एकेक बोट उलगडतेय, अंगठा उलगडला की करंगळी मिटते, मागे रांग वाढलेली आणि रांगेतला एक काका म्हणे लहान पोरगी आहे, घाबरली असेल, गोळी द्या तिला, चॉकलेट. अशा लोकांसाठी बायोमेट्रिक एक्सेप्शनची सोय आहे, जी बोटं घेता येत नाहीत ती तशी नोंदवून पुढे जाता येतं, पण ती सोय मशीनसमोर बसलेल्याला माहीत पाहिजे ना. मी सांगितल्यावर त्याने फोन करून कुणालातरी विचारलं आणि मग झालं. झालं हे महत्त्वाचं, पोरगा चांगला होता. पण मी बरोबर नसते तर ती बाई मुलीला कडेवर घेऊन परत गेली असती आणि वर्षभर अशाच फेऱ्या मारत राहिली असती.

बाकी लिंका. सकाळी ग्रुपवर 'अतितातडीचे' असं लिहून लिंक येते आणि माहिती आजच पाचपर्यंत. तीच मुलं, तेच प्रकार, तेच टक्के. युडायसला भरलेली, जिल्ह्याच्या गुगल शीटला भरलेली, मग दिव्यांगत्वाची लक्षणं टिपायच्या प्रशस्त ॲपवर वर्गशिक्षकांनी पहिला भाग भरायचा आणि दुसरा भाग आमच्या बाजूने, ॲप तसं वाईट नाही, निदान साध्या शिक्षकाला काय बघायचं ते कळतं, पण तिथे भरलेलं इकडच्या शीटमध्ये आपोआप येत नाही. मग परत टाईप करा. ज्या शाळेत एकही दिव्यांग मूल नाही तिचा निरंक अहवाल पाहिजेच, आणि निरंक आला नाही म्हणून मला फोन. दिव्यांग मुलींचा महिन्याला २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता असतो, १० महिन्यांचा, त्यासाठी बँक खातं, खात्याला आधार लिंक, खातं वापरात नाही म्हणून बंद पडलेलं, ते चालू करायला पुन्हा केवायसी. आईबापांचा विचाराल तर त्यांना या सगळ्यात एकाच कागदात रस असतो, "बाई, संजय गांधीचा पगार कधी चालू होईल?" म्हणजे निराधार योजनेचं अनुदान. त्यात त्यांची काय चूक, घर त्याच्यावर चालतं. युडीआयडी कार्डावर पिवळी पट्टी म्हणजे ४० ते ८० टक्क्यांच्या आतलं, निळी म्हणजे ८० आणि पुढे, हे त्यांना तोंडपाठ असतं. आयईपी कशाशी खातात ते कुणी सांगितलेलंच नसतं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्या मुलाला ऑटिझम आहे. तिच्याशी बोलले की मला आधी हेवा वाटतो आणि मग थोडं बरं वाटतं. तिकडे १९७५ पासून याचा कायदा आहे, आयईपी हा शब्द तिकडचाच. वर्षातून निदान एकदा मीटिंग घ्यावीच लागते, दर तीन वर्षांनी मुलाची नव्याने तपासणी, पालकांना आधी कळवायचं, शाळा आणि पालक दोघांना जमेल अशी वेळ आणि जागा ठरवायची, यायला जमत नसेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर घ्यायची, भाषा येत नसेल तर दुभाषा द्यायचा, आणि एवढं करूनही पालक आले नाहीत तर आम्ही किती फोन केले, काय पत्रं पाठवली याची नोंद शाळेने ठेवायची. मी म्हटलं बाई गं, स्वर्गच की. तर ती म्हणे कसला स्वर्ग, मीटिंग नेहमी कामाच्या दिवशी सकाळी अकराला, मला ऑफिसातून सुट्टी टाकावी लागते, समोर सहा जण बसलेले, प्रत्येकाने आपापला रिपोर्ट वाचायचा, माझ्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं, आणि घरी आल्यावर एवढा जाड गठ्ठा वाचायला. म्हणजे तिकडे मीटिंग होते पण आईला बोलायला मिळत नाही. इकडे मीटिंगच होत नाही. तरी मी तिला म्हटलं, वेळ पालकांना विचारून ठरवायची एवढं एक कलम आम्हाला उसनं दे. आमच्या फॉर्मात पालकांच्या सहीचा रकाना आहे, पालकांना कुठला दिवस जमतो त्याचा नाही.

म्हणून मी गुरुवार धरला. बाजाराच्या दिवशी आया तशाही तालुक्याला येतात, कुणी भाजी विकायला, कुणी आठवड्याचा किराणा न्यायला. सकाळी गिऱ्हाईक असतं आणि संध्याकाळी गावाकडच्या वडापची घाई, मधे दोन ते चार जरा सैल वेळ असते. गटसाधन केंद्र बाजारतळापासून लांब नाही. ज्यांना जमेल त्या येतात, जी दुकान सोडू शकत नाही तिच्या भाजीच्या पाटीशेजारी मी जाऊन बसते, वर्गशिक्षकांना मधल्या सुट्टीत फोन लावून स्पीकरवर घेते. केंद्रप्रमुख नसतातच, त्यांचा शिक्का नंतर.

असंच एका मुलाचं झालं, बौद्धिक अक्षमता, चौथीत आहे. त्याच्या आयईपीत मी आणि सरांनी लिहिलेलं, संख्याज्ञान १ ते ५, पुढचं उद्दिष्ट १ ते १०, वस्तू मोजून. पाटीशेजारी बसून मी आईला हे वाचून दाखवतेय आणि पोरगा तिथेच गोणपाटावर बसून गल्ला सांभाळतोय, गल्ला म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. दहाच्या नोटा एकीकडे, वीसच्या वेगळ्या, पन्नासची आली की आईच्या हातात, ती ठेवायची नाही हे त्याला माहीत. एक बाई वीसची नोट देऊन दहाची मेथी घेऊन निघाली तर हाच ओरडला, "ओ, दहा!" आणि डब्यातली दहाची नोट काढून दिली. रंगावर करतो म्हणाली आई, आकडे नाही येत त्याला. फोनवर सर गप्पच. मग म्हणाले, "मॅडम, मी याला दोन वर्षं मणी मोजायला लावतोय." तिथल्या तिथे उद्दिष्ट बदललं, मणी बंद, नोटा आणि नाणी चालू, शाळेत शनिवारी पोरांचं खोटं दुकान लावायचं आणि गल्ल्यावर हा. हे मला कुठल्याही चाचणीत सापडलं नसतं, कारण चाचणीच्या पेटीत मणीच आहेत.

पण गुरुवारसुद्धा फक्त दसऱ्यापर्यंतच चालतो. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले सगळे कोयते ऊसतोडीला निघतात, नवराबायको दोघं मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. आणि आयईपीचा आढावा कधी? डिसेंबरमध्ये. म्हणजे जूनला सही करणारी आई तेव्हा फडात, आणि घरी आजी. आजीशी बोलायला मला आवडतं, पोराचं खाणं, झोप, फिट कधी आली, सगळं तिला माहीत असतं, पण तिचा अंगठा. एका तपासणीत साहेबांनी फाईलवर शेरा मारला, 'पालकाची स्वाक्षरी जुळत नाही, खुलासा सादर करावा.' मी खुलासा सादर केला, जूनमध्ये आई होती, डिसेंबरमध्ये आजी आहे. त्यावर परत विचारणा, आजी पालक असल्याचा पुरावा काय. आजीला सांगितलं तर ती म्हणे, "पुरावा मंजी? रोज रातच्याला ह्याला कोन घालतंय जेवाया, इचार त्यालाच."

दहावीचं तर वेगळंच, तिथे बोर्डाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, या सवलती मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेला तर. अध्ययन अक्षमतेची तपासणी एकाच दिवसात होत नाही, नंबर लागतो, पुन्हा बोलावतात, आणि पालकांना जाग येते सहामाहीचा निकाल लागल्यावर. घरात नववीतलं पोरगं असेल आणि शंका असेल तर आत्ताच दवाखान्यात नाव घाला, दहावीची वाट बघू नका, एवढंच सांगते.

या वर्षी मी एक अर्ज दिलाय, की ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांचा आढावा डिसेंबरऐवजी दसऱ्याच्या आधी घेऊ द्या, आईबाप दोघं गावात असताना, आणि ते गेल्यावर सही करायला आजीआजोबांचं नाव आईबापांकडूनच फॉर्मवर लिहून घेऊ द्या. खर्च शून्य, नवीन पोर्टल नको, लिंक नको. साहेबांनी वाचला, मान हलवली, म्हणाले चांगलं आहे, घ्या सप्टेंबरमध्ये, काही हरकत नाही, फक्त फॉर्मवर तारीख डिसेंबरचीच टाका.

म्हटलं साहेब, एवढं लेखी द्या.