सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’

रत्नागिरीजवळच्या आमच्या सड्याची (कातळी पठाराची) सातबाऱ्यावरची नोंद ‘पोटखराबा’ अशी आहे, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. वर्षातले आठ महिने तो जांभ्याचा तापलेला कातळ पाहिला, तर तलाठ्याचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. जूनमध्ये मात्र पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुले उभी राहतात. पुढे भाद्रपदात, बोटभर मातीत पाणी साचून राहते तिथे, सीतेच्या आसवांची निळीजांभळी दाटी होते. या मातीत पोषण नाही म्हणून ही इवलीशी वनस्पती सूक्ष्म पिशव्यांमध्ये पाण्यातले जीव पकडून जगते. दीपकाडी तर कोकण-गोव्यापुरतीच आहे.

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि सड्यांचे दिवस पालटले. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, खालून माती आणून ते भरायचे आणि हापूसची कलमे लावायची, अशी रीतच पडली. आमच्या काकांनी दीडशे कलमे लावली. त्या बागेच्या पैशांवरच माझे शिक्षण झाले, त्यामुळे कलमांविरुद्ध बोलताना माझी जीभ अडखळते.

चिरेखाणीबद्दल तसे अडखळायला होत नाही. बागेत कलमांच्या ओळींमध्ये थोडा तरी कातळ शाबूत राहतो. खाणीत मात्र चिरे काढून नेल्यावर सरळ कडांचा खड्डा तेवढा उरतो, आणि सड्यावर मुरून पायथ्याच्या झऱ्यांना मिळणाऱ्या पाण्याची वाटही मोडते. पण चिऱ्याला नगावर भाव मिळतो, हापूसला पेटीवर मिळतो (२०१८ पासून भौगोलिक मानांकनही आहे), आणि दीपकाडीला काहीच मिळत नाही, म्हणून विकासाच्या हिशेबात ती असलेली जागा रिकामी धरली जाते. साताऱ्याचे कास पठारही जांभ्याचेच. पण २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आता तिथली फुले पाहायला लोक तिकीट काढतात. फुलांचा असा बाजार मला फारसा रुचत नाही, तरी तिथे फुलांना निदान हिशेबात जागा मिळाली.

यंदा जूनमध्ये सड्यावर गेलो, तेव्हा चुलतभावाने नव्या खाणीची हद्द चुन्याने आखून ठेवली होती. मी दीपकाडीची फुललेली झाडे मोजली. तेवीस होती, त्यांतली सतरा चुन्याच्या रेषेच्या आत.